नारळाच्या पाण्याची साक्ष

चाळीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. पाटण तालुक्यात स्टिअरिंग धरणारी निम्मी माणसं माझी बोलणी खाऊन तयार झालीत. आणि शेवटी एका भाड्याच्या गाडीनं मला खोटारडी ठरवलं, तीसुद्धा शुद्ध मराठीत. भाषा मीच निवडली होती. हिंदी ठेवली असती तर निदान अर्धं कळलं नसतं.

ऐन जानेवारीत हिमाचलात जाऊन बर्फात गाडी चालवायची हौस मला नव्हती. माझी मुलगी शरयू लाहौलच्या खोऱ्यात यारलिंग नावाच्या गावी राहते, हिमनद्या मोजायची नोकरी करते. तिथल्या अंगरूपशी तिला लग्न करायचं होतं आणि मी हो म्हणत नव्हते. पोरगा वाईट असं नाही. पोराला मी पाहिलंच नव्हतं. पण जिथं वर्षातले पाच महिने रस्त्याचा भरवसा नाही तिथं एकुलती एक मुलगी कायमची द्यायची, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. दोन वर्षं फोनवर वाद घातले. शेवटी ती म्हणाली, उन्हाळ्यात नको, भर थंडीत ये, मी कशी राहते ते बघ आणि मग नाही म्हण. तुझ्या होकाराशिवाय लग्न करणार नाही, पण हे गाव सोडूनही येणार नाही. आता अशा मुलीला काय म्हणायचं? माझ्यावरच गेलीय, असं निलेश म्हणतो. निलेश म्हणजे माझा नवरा. पाटणच्या बाजारात याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. बोलतो कमी, पण बोलला की नेमकं लागेल असं बोलतो.

यारलिंगला त्या संध्याकाळी हालडा होता, त्यांचा थंडीतला दिव्यांचा सण. दुसऱ्या दिवसापासून मोठा बर्फ सांगितला होता, म्हणजे त्या दिवशी पोचलो तर पोचलो. म्हणून मनालीत सकाळीच गाडी ताब्यात घ्यायला गेलो.

खरं सांगते, स्टिअरिंग बघून मला आनंद झाला. आमच्याकडं खाली आता गाड्या आपल्या आपणच चालतात. माझी शाळा बंद पडून सहा वर्षं झाली, शिकायला येणार कोण? पण बर्फाळ डोंगरात सगळं पांढरंफटक झालं की गाडीच्या कॅमेऱ्यांना रस्ता कुठला आणि दरी कुठली ते कळत नाही. म्हणून तिथं थंडीत गाडी अजून माणसानंच चालवायची असते. गाडीचं काम एकच, पायाखालचा रस्ता कसा आहे ते सांगायचं.

हा टायरांचा प्रकार आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बर्फ घसरडा असतो तो त्याच्या अंगावरच्या पाण्यामुळं. कडाक्याच्या थंडीतसुद्धा बर्फावर पाण्याचा एक पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून कितीतरी पातळ. या टायरांच्या रबरात केसाहून बारीक तारा विणलेल्या असतात आणि त्या या पापुद्र्यातून किंचितशी वीज सोडून बघतात. निव्वळ बर्फाच्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. मीठ मिसळलं असेल तर सुरळीत जाते. वीज गेली म्हणजे रस्त्यावर मीठ टाकलंय, बर्फ सुटलाय, चाक धरणार. नाही गेली म्हणजे कोरा बर्फ, सांभाळा. थोडक्यात काय, टायर रस्ता चाखतो.

आणि चाखून गप्प बसत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण आपल्याकडं नुसती सांगायला होती, या लोकांनी तिचं यंत्र केलं. खोऱ्यातली प्रत्येक गाडी आपल्याला जे कळलं ते बाकीच्या सगळ्या गाड्यांना कळवते. याला वाटबोली म्हणतात. पुढच्या गाडीनं सांगितलं की रस्ता चांगला आहे, तर मागची गाडी आपल्या ड्रायव्हरला जरा जास्त वेग घेऊ देते. मीठ टाकणारा ट्रकसुद्धा वाटबोली ऐकूनच कुठं मीठ टाकायचं ते ठरवतो. हे आल्यापासून तिथले थंडीतले अपघात जवळजवळ बंद झाले. फक्त सगळ्यांनी खरं बोलायला हवं.

गाडी देणारे ठाकूर म्हणून गृहस्थ होते, वयस्कर, फार सावकाश बोलणारे. उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गोठून बसतो. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. वायपर उभे करून ठेवा. उतारावर ब्रेकला एकदम पाय लावू नका. मला उतार शिकवत होते. कुंभार्ली घाटात मी पोरांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत उतार शिकवलेत. मी हं हं करत उभी राहिले आणि कधी एकदा किल्ली हातात येते असं मला झालं. ठाकुरांनी सगळं सांगितलं, पण नारळ फोडू नका असं काही ते म्हणाले नाहीत. बिचाऱ्यांना ते सुचणार तरी कुठून?

आता आपल्याकडं नवी गाडी हातात आली, अनोळखी रस्ता असला, की नारळ न फोडता कोण निघतं? मी पाटणहून नारळ नेला होता, हळदकुंकू नेलं होतं आणि चार लिंबंही नेली होती. ठाकूर आत गेल्यावर बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढली, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. नारळ दगडावर फोडला आणि त्याचं पाणी चारी टायरांवर शिंपडलं. नुसते थेंब नव्हेत, चांगलं ओंजळीनं. निलेश म्हणाला, "एवढं नको गं, गाडी भाड्याची आहे." मी म्हटलं, दरी काही भाड्याची नाही. गाडी सुरू केली, लिंबं फटाफट फुटली, मला बरं वाटलं.

काय सुंदर रस्ता होता. देवदारांवर बर्फ, वर निळंभोर आभाळ आणि सहा वर्षांनी माझ्या हातात स्टिअरिंग. गाडी सारखी सांगत होती, रस्ता उत्तम आहे, पकड उत्तम आहे. मी निलेशला म्हटलं, बघ, उगाच बाऊ करतात. तो खोबरं खात होता.

वाटेतल्या एका पुलाच्या पुढचा चढ आम्ही चढलो आणि मागं धडाम झालं. आरशात बघितलं तर भाजीची एक पिकअप वळणावर फिरून बर्फाच्या ढिगात शिरली होती. मी गाडी थांबवून धावले. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण फ्लॉवरचे गड्डे रस्ताभर पसरले होते. तो एकच सांगत होता की गाडीनं रस्ता चांगला म्हणून सांगितलं होतं. आम्ही त्याची भाजी गोळा करून दिली. कुणाची तरी गाडी चुकीचं सांगत असेल, काय बेजबाबदार लोक असतात, असं मीच त्याला म्हटलं. असं म्हणून ऐटीत पुढं निघाले.

बोगदा ओलांडून लाहौलमध्ये उतरलो. पलीकडं पोलिसांची चौकी आणि आडवा बांबू. तिथं मी गाडी थांबवली, तर ती बोलली, "आपल्या वाहनाची साक्ष खोटी ठरली आहे. आपल्या सांगण्यावर यापुढे विश्वास ठेवता येत नाही. कृपया परत जावे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौकीतल्या पोलीसबाई बाहेर आल्या. त्यांनी शांतपणे समजावलं. आमच्या गाडीनं मनालीपासून पुलापुढच्या चढापर्यंत सगळीकडं मीठ टाकलंय असं कळवलं होतं. म्हणून मीठ टाकणारा ट्रक तो भाग वगळून गेला आणि मागच्या गाड्यांनी वेग घेतला. प्रत्यक्षात तिथं मिठाचा कणही नव्हता. खोटी ठरलेली गाडी थंडीत बोगद्याच्या पुढं सोडत नाहीत. एकच वाट होती, जिची साक्ष पूर्ण हिवाळा खरी ठरलीय अशा गाडीचा मालक जामीन राहिला तर. आणि तो नात्यातला हवा. पूर्वी कुणीही जामीन राहायचं, तर बोगद्याच्या तोंडाशी जामिनांचा धंदाच उभा राहिला होता. नात्यातल्या माणसाचं नाव जाईल म्हणून माणूस जपून चालवतो, असा त्यामागचा विचार.

तेवढ्यात निलेश गाडीला चक्कर मारून आला आणि त्यानं तळहात माझ्यापुढं धरला. त्यावर लिंबाची बी होती. टायरच्या खाचेतून काढलेली. खाचांमध्ये नारळाचं पाणी गोठून बसलं होतं, त्यात लिंबाचा रस. आणि नारळाच्या पाण्यात क्षार असतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. चाकं जरा तापली की ते पाणी थोडं थोडं सुटत होतं आणि टायर मिटक्या मारत सगळ्या खोऱ्याला सांगत होता, मीठ आहे, मीठ आहे.

मी म्हटलं, टाक ती बी. त्यानं टाकली. पण माझ्याकडं असा बघत राहिला की मला दुसरीकडं तोंड फिरवावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शरयूला फोन लागला. ती हिमनदीवरच्या यंत्रांपाशी होती, संध्याकाळपर्यंत खाली येणार नव्हती. म्हणाली, अंगरूपला पाठवते. म्हणजे ज्याला मी दोन वर्षं नाही म्हणत होते तोच आता मला सोडवायला येणार. मी चौकीच्या शेकोटीपाशी हात शेकत बसले आणि मनातल्या मनात बोलणी तयार करत राहिले.

पोलीसबाईंना मी सहज म्हणून अंगरूपबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, यारलिंगहून सगळा हिवाळा खाली येणारी त्याची एकच गाडी. आजारी माणसं तोच आणतो, लसी आणि औषधं तोच नेतो. त्याची साक्ष तीन हिवाळ्यांत एकदाही खोटी ठरलेली नाही. आणि तो जामीन राहिला, वर तुमची गाडी पुन्हा खोटं बोलली, तर बर्फ वितळेपर्यंत त्याचीही गाडी बंद.

तेव्हा माझी तयार केलेली सगळी बोलणी विरून गेली.

तो आला. मध्यम उंचीचा, गालाची कातडी उन्हाबर्फानं रापलेली, डोक्यावर हिरवी पट्टी असलेली टोपी. वाकून नमस्कार केला आणि मला काकू म्हणाला. शरयूनं शिकवलेलं मोडकंतोडकं मराठी, मधे मधे हिंदी. गाडीचं काय झालं ते विचारायच्या आधी त्यानं विचारलं, जेवलात का. आणि सरळ चौकीच्या दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवायला निघाला.

मी त्याचा हात धरला. आधी ऐकून घे म्हटलं. मग सगळं सांगितलं, नारळ, लिंबं, ओंजळीनं शिंपडलेलं पाणी, पसरलेले फ्लॉवर आणि फेकायला लावलेली बीसुद्धा. पोलीसबाई ऐकत होत्या. निलेश आभाळाकडं बघत होता. मला वाटलं, पोरगा हसेल नाहीतर चिडेल. तो हसला नाही. त्यानं विचारलं, आम्ही पूजा करतो तेव्हा जुनिपरच्या पाल्याचा धूर देतो, तसंच ना हे? मी म्हटलं, तसंच. मग म्हणाला, टायर धुता येणार नाहीत, पाणी पुन्हा गोठेल. कोरड्या बर्फानं घासू.

मग आम्ही तिघं चार टायर घासत बसलो. हातात बर्फाचे गोळे, मधे मधे चौकीतला खराटा. बोटं बधिर झाली. बधिर बोटांनी माणूस आडपडदा ठेवून बोलत नाही. मी विचारलं, रात्रीअपरात्री शरयू आजारी पडली आणि रस्ता बंद असला तर? तो म्हणाला, हेलिकॉप्टर येतं. हवा वाईट असली तर? तर मी नेतो. आणि तुलाही जमलं नाही तर? त्यानं खाचेतला बर्फ कोरून काढला. म्हणाला, तर शेजारी उचलून नेतात, माझ्या आजीला नेलं होतं. आणि कधी कधी तेही जमत नाही, काकू. तिलाही मी हे पहिल्या वर्षीच सांगितलंय.

दोन वर्षं मी शरयूकडून याच प्रश्नाचं गोड उत्तर ऐकत होते. काळजी करू नको आई, सगळं आहे इथं. हा पहिला माणूस, ज्यानं मला नाही म्हणून सांगितलं. गंमत बघा, त्या नाहीनं माझ्या छातीवरचा धोंडा हलला. खोटा धीर देणाऱ्याच्या हाती मुलगी देता येत नाही. खरं बोलणाऱ्याचा निदान हिशेब तरी लागतो.

टायर स्वच्छ झाले. अंगरूपनं यंत्रावर अंगठा ठेवला. गाडीनं विचारलं, "जामीन राहणाऱ्याशी आपले नाते काय?"

उत्तर मी द्यायचं होतं. अंगरूप एकदम मधे आला. तो म्हणाला, "काकू, नातं नसेल तर सांगू नका. माझ्या गाडीतून चला, पाहुण्या म्हणून चला. ही गाडी इथं राहू दे. पण माझ्यासाठी खोटं नको."

म्हणजे मला कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. त्याच्या गाडीत मागं बसून मी हवं तिथं पोचले असते, सण बघितला असता, आणि नाही म्हणून परत आले असते. निलेश माझ्याकडं बघत होता, पण यावेळी त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती.

मी म्हटलं, "जावई."

"आवाज स्पष्ट नाही," गाडी म्हणाली.

"जावई. माझा जावई आहे तो."

"झालेला की होणारा?"

अशी चिकित्सा तर आमच्या भावकीनंसुद्धा केली नसती. "होणारा," मी ओरडूनच सांगितलं, "आणि यात काही बदल होणार नाही."

"नोंद झाली. शुभ प्रवास."

पोलीसबाईंनी बांबू वर केला. अंगरूपनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो आपल्या गाडीकडं गेला. निलेशनं नाक शिंकरलं आणि थंडी फार आहे म्हणाला.

पुढची वाट मी आयुष्यात विसरणार नाही. अंगरूपची गाडी पुढं, मी मागं. दोन्हीकडं पांढरे उतार, मधे काळी नदी, घरांच्या छपरांवर गवताचे भारे. मी इतकी जपून चालवत होते की माझ्या हाताखालच्या कुठल्या पोरानं बघितलं असतं तर पोट धरून हसला असता. गाडी सांगायची कोरा बर्फ, मी म्हणायची कळलं बाई. समोरून येणारी एकूणएक गाडी दिवे लुकलुकवत होती. ट्रॅक्टरवरच्या एका आजोबांनी तर दोन्ही हात जोडले. एका जीपमधल्या बायकांनी काच खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं आणि खूप हसल्या. मी निलेशला म्हटलं, किती आतिथ्यशील लोक आहेत बघ. मीही प्रत्येकाला हात करत गेले.

यारलिंगच्या पहिल्या घरापाशी शरयू रस्त्यातच उभी होती. नाक लाल, कमरेवर हात, अंगावर गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट. हिमनदीवरून धावतच आली असावी, धाप लागली होती. मी गाडी थांबवली, हँडब्रेक न ओढता. ती खिडकीशी आली आणि भडकली.

वाटबोलीत जामिनाची नोंद सगळ्या गाड्यांना जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या नावावर कोण चालतंय ते कळलं पाहिजे ना, म्हणून जामिनाचं नाव, गाव आणि नातं. खोऱ्यातल्या प्रत्येक गाडीच्या पडद्यावर झळकलं होतं की यारलिंगच्या अंगरूपची होणारी सासू येत आहे.

"ट्रॅक्टरवाल्या आजोबांना कळलं," शरयू म्हणाली. "मीठ टाकणाऱ्या ट्रकला कळलं. बर्फ काढायच्या मशीनवरचा माणूस हिमनदीपाशी येऊन मला शुभेच्छा देऊन गेला. दोन वर्षं मी तुझ्या तोंडाकडं बघतेय आई, आणि तू आधी गाड्यांना सांगितलंस?"

ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. पलीकडं अंगरूप आपल्या गाडीपाशी उभा होता, पुढं येऊ की नको असं चाललेलं त्याचं. गावातली माणसं दारात आली होती. मी पट्टा सोडला, दार उघडलं आणि बर्फात उतरले. तिचे गार गाल हातात घेतले.

"मला सांग," ती म्हणाली. "मला तोंडानं सांग."

मी सांगितलं.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.